बाबलने बसवलेला तळ

खाडीच्या तोंडावर मासेमारांचं एक गाव होतं आणि त्या गावात बाबल नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. आई गेली, तसा गावाने तो शब्द बाजूला ठेवला आणि मनात होता तो वापरायला सुरुवात केली. देवाने बाबलला डोकं दिलं होतं, पण ते टोपी ठेवण्यापुरतंच. काम मात्र सांगाल ते करायचा. सांगितलं तेवढंच करायचा, सांगितलं तसंच करायचा आणि बहुतेक वेळा भलत्याच ठिकाणी करायचा.

अशा माणसाला बायको मिळाली ती आवडू. आवडू हुशार होती, कष्टाळू होती, चार लोकांत बोलायला खमकी होती. हुशार बायकांच्या वाट्याला असे नवरे का येतात ते मला ठाऊक नाही, पण येतात खरे. तिचे वडील वारले, तेव्हा त्यांची फायबरची होडी तिच्याकडे आली. होडीबरोबर दोन जुने खलाशी आले. बाबल घरजावई म्हणून आधीच येऊन बसला होता.

होडी फायबरची, म्हणजे तिचं अंग सडणारं नव्हतं. पण आत पाय ठेवायला लाकडाचा तळ होता. खाली दोन आडवे वासे आणि त्यांच्यावर प्लायवूडच्या फळ्या. बारा वर्षं त्यात पाणी मुरत होतं. त्या पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढली आणि थोरला खलाशी आत उतरला, तर त्याचा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला. पाय वर काढून तो आवडूला म्हणाला, "वयनी, नारळी पुनवेक होडी पाण्यात असात तर आमी तुजे. नसात तर आमी दुसऱ्याचे. आमकाय पोटां आसत."

त्याचं काही चुकलं नव्हतं. पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात आणि त्याच दिवशी होड्या पाण्यात जातात. त्या दिवशी जो खलाशी ज्या होडीत चढला, तो वर्षभर तिथलाच. आवडूकडे ही एक होडी आणि हे दोन खलाशी, एवढंच होतं. नवऱ्याच्या जिवावर समुद्रात जाण्याइतकी ती वेडी नव्हती.

ती बाबलला म्हणाली, "ओ, वीस दिवस आसत. पास्कू मिस्त्रीक बोलवा. पुनवेक होडी पाण्यात जावकच होई."

बाबल गेला. फायबरची कामं करणारा पास्कू मिस्त्री तोंडाला फडका बांधून एका होडीत बसला होता. त्याच्या हाताखाली माणूस नव्हता आणि मागे होड्यांची रांग लागली होती.

"बाबल्या, तुजो नंबर गणपतीनंतर," तो म्हणाला. "घाई असात तर तूच कर. मी सांगतंय तसा करत जा."

"सांगशात तसाच करतलंय," बाबल म्हणाला.

हे वाक्य ऐकल्यावर पास्कूने हातातला ब्रश तिथेच टाकून गाव सोडायला हवं होतं. पण त्याला वाटलं, माणूस आज्ञाधारक आहे.

"आधी सडलेला काढ," त्याने सांगितलं. "अंगठ्यान दाबून बघ. दबला तर सडला. काढून फेकून दी."

"बरा," बाबल म्हणाला आणि खरोखर तसंच केलं.

त्याने फळ्या दाबल्या, त्या दबल्या, त्या काढून फेकल्या. खालचे वासे दाबले, तेही दबले, तेही काढून फेकले. होडीत आता नुसतं फायबर राहिलं. इथपर्यंत काम इतकं चोख होतं, की खुद्द पास्कूनेही याहून वेगळं केलं नसतं. तिथे थांबला असता तर ही गोष्ट झाली नसती. पण थांब असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग त्याने बुडताना घालायची जाकिटं दाबली. ती दबली. इंजिनाची रबरी नळी दाबली. तीही दबली. त्याने सगळं खाडीत फेकलं; ओहोटी होती, ते वाहून गेलं.

घरी आल्यावर त्याने उशा दाबल्या आणि खिडकीबाहेर टाकल्या. टोपलीत सकाळच्या आंबोळ्या होत्या. आंबोळीइतकी मऊ वस्तू जगात दुसरी नाही, त्यामुळे त्या कोंबड्यांना गेल्या. ओटीवर सासू झोपली होती. बाबलने तिच्या दंडावर अंगठा दाबला. सासूने डोळे उघडले.

"काय ओ?" सासू म्हणाली.

"काय नाय. इचार करतंय," बाबल म्हणाला.

तेवढ्यात आवडू आली म्हणून म्हातारी वाचली.

"ओ, होडयेतली जाकिटां खय गेली?"

"दबली."

"कोण दबली?"

"जाकिटां. दबली म्हणजे सडली. फेकलंय खाडयेत."

आवडूने कपाळावर हात मारून घेतला. रागावून झालं, रडून झालं, मग ती म्हणाली, "ह्यापुढे माका इचारल्याशिवाय कशाकच हात लावचो नाय. कायय असानदे, आधी माका इचारा."

"बरा," बाबल म्हणाला आणि खरोखर तसंच केलं.

तिसऱ्या दिवशी आवडू सुकी मासळी घेऊन आठवड्याच्या बाजाराला गेली. बाजार तासभर चालण्याच्या वाटेवर होता. बाबल होडीपाशी बसला होता. दुपारी वारा सुटला आणि होडीवरची ताडपत्री उडून त्याच्या पायाशी येऊन पडली. समुद्रावरून काळं आभाळ चढत होतं. शेजारचे लोक आपापल्या होड्या झाकत होते.

"बाबल्या, ताडपत्री घाल रे!" कुणीतरी ओरडलं.

"आवडूक इचारून येतंय," बाबल म्हणाला आणि चालू लागला.

अर्ध्या वाटेवर पावसाने त्याला गाठलं. धावायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो चालतच राहिला. बाजारात आवडू गोणपाट डोक्यावर घेऊन माशांच्या टोपलीवर ओणवी झाली होती. पाण्याने निथळणारा नवरा समोर उभा बघून ती ताडकन उठली.

"काय झाला? आई बरी आसा मा?"

"बरी आसा. पाऊस इलो. होडी झाकू?"

आवडूने वर आभाळाकडे पाहिलं. पाऊस तिच्याही डोक्यावर कोसळत होता.

"कधी इलो पाऊस?" तिने दात आवळून विचारलं.

"मी येय होतंय तेवाच इलो."

दोघं परत आली तोवर होडीत गुडघाभर पाणी साचलं होतं आणि त्यात दोन बेडूक सुखाने पोहत होते. पास्कू मिस्त्री ते बघायला आला. फायबर ओलं असलं की रेझिन, म्हणजे फायबरवर चढवायचा पातळ चिकट रस, धरत नाही, म्हणजे होडी सुकेपर्यंत काम बंद. पौर्णिमेला सोळा दिवस राहिले होते.

"मेल्या, वला दिसला की सुकवूचा," पास्कूने बजावलं. "कोणाक इचारत रवा नको. वला दिसला, की लगेच उनात घाल. पाण्याचो थेंब रवता नये."

"बरा," बाबल म्हणाला आणि खरोखर तसंच केलं.

त्याने होडी पुसली. वारा घातला. ऊन पडेल तेव्हा ताडपत्री काढली, ढग आला की घातली. पाच दिवसांत होडी खडखडीत कोरडी झाली. आवडूला जरा बरं वाटलं. पास्कूने मग बादलीभर रेझिन त्याच्या हाती दिलं आणि म्हणाला, घरी नेऊन ठेव, फळ्या कापून झाल्या की सांगतो.

घरी येऊन बाबलने झाकण उघडून आत पाहिलं, तर रेझिन ओलं होतं. नुसतं ओलं नव्हे, तर पूर्ण पातळ. दुसरा एखादा माणूस थोडा तरी थांबला असता. बाबलने अंगणात जवळा सुकवायचं प्लास्टिक पसरलं, त्यावर बादली ओतली आणि झाडूने सारखं केलं. जवळा सुकतो तर हे का सुकणार नाही? त्यावर लक्ष ठेवायला तो पायरीवर बसला.

आधी एक कोंबडा आला. त्याला अंगण आपलं वाटायचं. चार पावलं टाकून तो तिथेच उभा राहिला. मग कोंबडा का ओरडतो ते बघायला शेजारचे दादू आले. दादू सुटले, त्यांच्या चपला सुटल्या नाहीत. पोरांनी भोवती कडं केलं. सासूने कोंबड्याला ओढलं, तेव्हा कोंबडा आला आणि शेपटी तिथेच राहिली.

संध्याकाळी आवडूने दारात पाय ठेवताच बाबलने उत्साहाने सांगितलं, "अजून सुकाक नाय. पण चिकट झालासा."

पास्कू मिस्त्रीला दुसरी बादली द्यावी लागली. देताना तो इतका ओरडला, की तोंडावरचा फडका खाली घसरला. "अरे, रेझिन उनात सुकना नाय! तेच्यात हार्डनर घालूचो लागता, हार्डनर! ही बाटली घे. पातळ आसा आणि घट्ट होवक होया, तर हेचे थेंब घाल. धा मिनटांत दगड जातलो. समाजला?"

"समाजला," बाबल म्हणाला. आणि खरोखर समजलं, हेच तर दुर्दैव.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवर पेज होती. आवडू विहिरीवर जाता जाता आईला म्हणाली, "आज पेज पातळ झाली गो. जरा घट्ट होवक होई होती."

बाबलचा हात खिशातल्या बाटलीकडे गेला. त्याने टोपात थेंब टाकले, घड्याळ काढलं आणि चुलीपाशी बसला. दहा मिनिटं झाली. पेज दगड झाली नाही. बाबलला वाटलं, तांदूळ जुने असतील. त्याने आणखी थोडे थेंब टाकले.

आवडू घागर घेऊन दारात आली आणि तिथेच थबकली. घरभर पास्कू मिस्त्रीच्या कामाचा वास भरला होता. मांजर शेजारच्या कौलावर जाऊन बसलं होतं.

"ओ, पेजेत काय घातलात?"

"हार्डनर. घट्ट होवक होई म्हटलंस मा?"

आवडूने घागर खाली ठेवली. पेज टोपासकट परसात नेली, खड्डा खणला, टोप त्यात पुरला आणि वरून माती दाबली. सगळी उपाशी राहिली. मग कमरेवर हात ठेवून ती नवऱ्यासमोर उभी राहिली. तिचा आवाज शांत होता. बायकांचा आवाज असा शांत झाला की शहाणा पुरुष घाबरतो. बाबल घाबरला नाही.

"ओ, आता नीट आयका," ती म्हणाली. "होडयेचा ता होडयेक. घरातला ता घरात. हयचा थय नाय आणि थयचा हय नाय. आयकलात?"

"बरा," बाबल म्हणाला आणि खरोखर तसंच केलं.

त्याच दिवशी दुपारी पास्कूने नव्या तळासाठी दोन वासे पाठवले. चांगल्या लाकडाचे, मापात कापलेले, तासलेले. आवडू म्हणाली, ओटीवर ठेवा, किनाऱ्यावर ठेवले तर भिजतील. सकाळी बाबल कामाला निघाला, तेव्हा ओटीवर त्याला ते दिसले. तो थांबला. वासे घरात होते. घरातलं ते घरात. त्याने दोन्ही वासे खांद्यावर घेऊन माळ्यावर चढवले, कुणाच्या पायात यायला नकोत म्हणून, आणि मोकळ्या हातांनी होडीकडे गेला. आपण शहाण्यासारखं वागलो, असं त्याला वाटलं. त्याला असं नेहमीच वाटायचं.

नव्या फळ्या होडीपाशी येऊन पडल्या होत्या. त्यांना चहूकडून रेझिन लावायचं होतं. तेवढं बाबलने व्यवस्थित केलं. हार्डनर फक्त रेझिनमध्ये घातला. मग पुढचं विचारायला तो पास्कूकडे गेला. पौर्णिमेला आठ दिवस उरले होते आणि पास्कूच्या भोवती चार होडीवाले एकाच वेळी ओरडत होते.

"मिस्त्रीनू, आता काय करू?"

"फळये ठेव," पास्कू मान वर न करता म्हणाला. "खालच्या लाकडात बोल्ट मार. चार बोटां लाकडात गेलो होयो, कमी नाय. वरसून फायबरच्या कापडाचा मॅट अंथर, रेझिन पाज, बोल्टाचा तोंडसुदा दिसता नये. तळ हलता नये. हललो तर पाणी मुरात आणि परत सडात."

"हलूक दिणय नाय," बाबल म्हणाला.

वासे बसवलेस का, असं विचारायला पास्कूला सुचलं नाही. तीन शब्दांचा प्रश्न. पण हुशार लोकांना वाटतं, आपल्याला जे दिसतं ते सगळ्यांनाच दिसतं. त्यांचीही अक्कल अशीच कुठेतरी संपते.

बाबल होडीत चढला. फळ्या त्याने सरळ फायबरच्या बुडावर मांडल्या आणि खालचं लाकूड शोधू लागला. आत लाकूड नव्हतं. आत सगळीकडे फायबर. मग तो खाली उतरला आणि वाकून होडीखाली बघितलं, तर काय, लाकूड! चांगले दोन जाडजूड ओंडके. पावसाळ्यात होडी वादळाने हलू नये म्हणून तिच्या खाली असे ओंडके घालतात आणि वाळूत अर्धे पुरून टाकतात. बाबलचा चेहरा खुलला. मिस्त्रीने सांगितलं होतं, खालच्या लाकडात. हे लाकूड खाली होतं. याहून खाली फक्त वाळू होती.

बोल्ट आखूड पडले. त्याने बाजारात जाऊन हातभर लांबीचे आणले. फळीला भोक, फायबरच्या बुडाला भोक, ओंडक्यात भोक. एकेक बोल्ट ठोकून, पिळून, दात ओठ खाऊन त्याने आत घातला. चार बोटं पुरी मोजली. एक बोल्ट साडेतीन बोटंच गेला होता, तो त्याने परत काढला आणि नव्याने मारला. असे चोवीस बोल्ट झाले. मग मॅट, मग रेझिन, पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन. जन्मात पहिल्यांदा एका कामात त्याच्या हातून वेळ, माप आणि प्रमाण चुकलं नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पास्कू मिस्त्री काम बघायला आला. तो होडीत चढला. टाचेने तळ ठोकला. मग दोन्ही पायांनी उड्या मारल्या. तळ कुरकुरलाही नाही. वाकून होडीखाली बघायला त्याला वेळ नव्हता.

"आवडू," तो खाली उतरून म्हणाला, "पंचवीस वर्सां मी ह्यां काम करतंय. इतको घट्ट तळ मीवय कधी घालूक नाय."

आवडूच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि या नऊ वर्षांत नवऱ्याचं कौतुक ती पहिल्यांदाच ऐकत होती. घरी जाऊन तिने नारळ खवला, गूळ काढला आणि भात केला. त्या दिवशी बाबलला तिने दोनदा वाढलं. बाबल जेवला. आपलं काय चुकलं नाही, ते त्याला नीटसं कळलं नव्हतं.

पौर्णिमेला सगळा गाव किनाऱ्यावर आला. ताशे वाजत होते. मानाचा नारळ समुद्रात गेला आणि एकेक होडी पाण्यात उतरू लागली. आवडू नवं लुगडं नेसली होती. तिने होडीच्या नाळीला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळद-कुंकू वाहिलं, हार घातला. दोन्ही खलाशी आपली बोचकी घेऊन आले आणि होडीजवळ उभे राहिले. थोरला म्हणाला, "वयनी, शबुद पाळलास. आमीय पाळतलाव." आवडूला हुंदकाच आला. वर्षाची काळजी मिटली होती.

होडीला दोर बांधला. दहा जणांनी ओढलं. होडी जागची हलली नाही.

"वाळूत रुतलीहा," कुणी म्हणालं. वीस जण लागले. "हैसा!" म्हणत दोर ताठ झाला. होडी हलली नाही. आता चाळीस जण लागले, ताशेवाले ताशे ठेवून आले, दादू नव्या चपला घालून आले. पास्कू मिस्त्री एका खडकावर चढून हुकूम सोडू लागला.

"ओढा! भियां नकात! फायबर आसा, तेका काय होना नाय! माजी गॅरंटी!"

बाबलही दोराला लागला होता. ओढ म्हटलं होतं, तो ओढत होता, आणि जीव तोडून ओढत होता.

"हैसा!"

कडाड करून मोठा आवाज झाला, दोर ओढणारे चाळीसच्या चाळीस जण पाण्यात तोंडावर पडले आणि त्यांच्यामागून होडी भसकन समुद्रात शिरली. लोकांनी जयघोष केला. तो जेमतेम अर्धा झाला असेल. होडीचे दोन्ही काठ होते, नाळ होती, नाळीवर हार होता. मधून समुद्र दिसत होता. क्षणभर ती तशी उभी राहिली, मग हळदीकुंकवासकट खाली गेली.

किनाऱ्यावर, दोन ओंडक्यांवर, होडीचं बूड आणि त्यावरचा तळ जिथल्या तिथे होता. एकही फळी वाकडी झाली नव्हती.

दोन्ही खलाशांनी बोचकी उचलली आणि मान खाली घालून पलीकडच्या होडीकडे चालू लागले. त्या होडीवाल्याने त्यांना लगेच हात दिला. आवडू वाळूत मटकन बसली. पास्कू मिस्त्री खडकावरून उतरला, त्या तळापाशी आला आणि या वेळी मात्र वाकून खाली बघितलं. तो बराच वेळ वाकलेलाच राहिला.

बाबल पाण्यातून वर आला. त्याने टोपी पिळून डोक्यावर ठेवली. तळावर चढला, मधोमध उभा राहिला आणि दोन्ही पायांनी तीन उड्या मारल्या. मग अभिमानाने आवडूकडे बघितलं, मिस्त्रीकडे बघितलं.

"मिस्त्रीनू," तो म्हणाला, "होडी गेली, पण तळ बघा. तिळभर हललो नाय."